रिकामा चौकोन

पालघरजवळच्या कोळगावच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक लांबलचक माळ आहे. तिथे लष्करी विमानं तयार होतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आसपासच्या पाड्यांवरची माणसं लावून, दगड फोडून तिथली धावपट्टी घाईघाईने करवून घेतली होती. युद्ध संपलं, विमानं गेली आणि पुढे कित्येक वर्षं त्या धावपट्टीवर लोकांनी भात झोडलं, गुरं बसवली, लग्नाचे मांडव घातले. मग सरकारने तिथे दोन शेड उभारल्या आणि हवाईदलाच्या शिकाऊ वैमानिकांसाठी लहान विमानं बांधायला घेतली. सुरुवातीला परदेशातून आलेले भाग इथे नुसते जोडायचे. नंतर पंख इथे बनू लागले आणि शेवटी अख्खं विमान. ऑफिसच्या जिन्यात या सगळ्याचे फोटो ओळीने लावले आहेत.

एका अपघाताचा फोटो मात्र तिथे नाही. तो अपघात हिमानीला माहीत होता, कारण विमानतळाच्या आगीच्या बंबावर काम करणाऱ्या जिवल्याने तिला तो सांगितला होता. जिवल्या माळाला लागून असलेल्या पाड्यातला. त्याची आई बुधी तेव्हा तरणी होती आणि बायकांसोबत भात कापत होती. वर डोंगरावर विमानाला आग लागली, वैमानिकाने पॅराशूट घेऊन उडी मारली, आणि रिकामं विमान पलीकडच्या जंगलात जाऊन पडणार असं सगळ्यांना वाटलं. पण ते आपलं आपण वळलं आणि शेताकडे आलं. तीन बायका जागच्या जागी गेल्या. बुधी बांधाआड पडली म्हणून वाचली. एका कानाने तिला अजूनही ऐकू येत नाही.

त्या अपघातानंतर कारखान्याने नियम बदलला. विमान सोडून द्यायचीच वेळ आली तर ते डोंगरावर नाही, समुद्रावर सोडायचं. उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र आणि बोईसरचे रसायनांचे कारखाने, मधून रेल्वे, पूर्वेला पाडे. राहिला समुद्र. म्हणून किनाऱ्यावरच्या सातपाटी-मुरबे गावांच्या पश्चिमेला नकाशावर लाल रेघांनी एक चौकोन आखला गेला. नकाशावर तो रिकामा होता. त्याचा वापर करायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे कोणी त्याच्याकडे फारसं पाहिलंही नाही.

हिमानी तांडेल मुरब्याची. वडील महादू यांची स्वतःची बोट होती, ते डोल लावायचे. डोल म्हणजे समुद्रात खुंट्यांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, ओढीच्या पाण्यात मासळी आपोआप त्यात शिरते. आई जमना किनाऱ्यावर दोऱ्यांवर बोंबील वाळवायची. हिमानी शिकत शिकत विमान वाहतूक नियंत्रक झाली आणि गेली तीन वर्षं घराजवळच, या कारखान्याच्या टॉवरमध्ये होती. विमानाने कधी निघायचं, कुठे वळायचं, कधी उतरायचं हे ती वैमानिकांना सांगायची. आई गावात सांगायची की माझी पोर इमानांना रस्ता दाखवते.

ती डिसेंबरातली सकाळ होती. धुकं निवळून आकाश स्वच्छ झालं होतं. हवाईदलाकडे द्यायच्या एका नव्या विमानाची चाचणी होती. पुढच्या खुर्चीवर चाचणी वैमानिक सुजीत आणि मागच्या खुर्चीवर नोंदी घ्यायला इंजिनियर दर्पण. सुजीत हवाईदलातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा. दर्पण बोईसरचा, बडबड्या. तो विमानात बिनधास्त बसायचा पण टॉवरच्या लोखंडी जिन्याला घाबरायचा, आणि त्यावरून सगळे त्याला चिडवायचे. त्या दिवशीही निघण्याआधी तो खालूनच हिमानीला हात करून गेला.

सगळं नेहमीसारखं सुरू झालं. विमान वर गेलं, दोन फेऱ्या झाल्या. चाचणीत चाकं आत घ्यायची, बाहेर काढायची, पुन्हा आत घ्यायची असतात. दुसऱ्या खेपेला सुजीतने कळवलं की उजव्या चाकाचा दिवा लागत नाहीये, जरा टॉवरवरून जातो, पाहून सांगा.

विमान टॉवरसमोरून कमी उंचीवरून गेलं. हिमानीने दुर्बीण लावली. डावं चाक आणि पुढचं चाक सरळ खाली होती. उजवं अर्धवट बाहेर येऊन तिरकं लोंबत होतं, आणि पंखाच्या खालून मागे तेलाचा काळपट पट्टा गेला होता. तिने पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. सुजीत फक्त "समजलं" म्हणाला.

चाचणी उड्डाणांचे प्रमुख कैलास राऊत जिना चढून वर आले. तेही पूर्वी हवाईदलात होते. त्यांनी सुजीतला विमान जोरात वर-खाली झटकून पाहायला सांगितलं. झटक्याने चाक कधी कधी सुटतं. तीन-चार वेळा झटकून झालं, चाक हललं नाही. आतही जाईना. अशा लोंबत्या चाकावर उतरलं तर विमान उलटणार आणि पेटणार, हे टॉवरमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी विमान सोडायला राऊतांनी लगेच सांगितलं नाही. इंधन भरपूर होतं. आकाशात फिरत राहून दुसरा उपाय शोधता आला असता.

मग रेडिओवर दर्पणचा आवाज आला. तो बोलता बोलता खोकला. मागच्या बाजूला जळका वास येतोय, म्हणाला, थोडा धूरही दिसतोय.

राऊतांनी माइक घेतला आणि सुजीतला चौकोनाकडे जायला सांगितलं. तिथे पोचल्यावर दोघांनी खुर्चीचा दांडा ओढायचा. दांडा ओढला की खुर्ची माणसासकट विमानाबाहेर फेकली जाते आणि पॅराशूट उघडते. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरला निरोप गेला. ते यायला वेळ लागणार होता.

हिमानीने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. लाल रेघांचा चौकोन पाहिला. बोंबलाचा हंगाम होता. ओहोटी सुरू होती. त्या वेळी मुरब्याच्या, सातपाटीच्या बोटी कुठे असतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्या बरोबर तिथेच असायच्या. तिचे वडीलही तिथेच होते.

"सर, तिथे बोटी आहेत," ती म्हणाली. "खूप बोटी आहेत. सगळे डोलीवर असतील आता."

राऊत म्हणाले की समुद्र मोठा आहे. मग स्वतःच थांबले आणि विचारलं, नक्की? तिने मान हलवली. अजून पश्चिमेला, बोटींच्या पलीकडे जाता येईल का, असं त्यांनी सुजीतला विचारलं. सुजीतने सांगितलं की धूर वाढतोय, जास्त वेळ नाही. दक्षिणेला गेलं तर केळव्याच्या किनाऱ्यावर लोक. उत्तरेचं नाव कोणी काढलंच नाही. तिकडे तारापूरचं अणुवीज केंद्र होतं.

टॉवरमध्ये स्वतःचा फोन वापरायला बंदी होती. हिमानीने राऊतांकडे पाहिलं. त्यांनी माइक आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाले, "लाव."

फोन वाजत राहिला. समुद्रात कधी लागतो, कधी लागत नाही. आता कट होणार असं वाटत असतानाच महादूंनी उचलला. मागे इंजिनाचा धडधडाट ऐकू येत होता.

"बाबा, कुठं हाय तू?"

"डोलीवर. का गं?"

तिने धाप लागल्यासारखं एका दमात सांगितलं. आमचं विमान बिघडलंय, ते तुमच्या इथे पडणार आहे, जाळी आहेत तशी सोड, वायरलेसवर सगळ्यांना सांग आणि निघ तिथून. महादू ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आत मानसं हायत?"

"दोगं. ते उडी मारनार. इमान मोकळंच पडंल. कुठं पडंल ते सांगता येत नाय, बाबा. तू निघ."

"मंग त्यांना पान्यातनं काडनार कोन?"

"हेलिकॉप्टर येनार हाय."

"ते येईस्तोवर ओहोटीचं पानी त्यांना कुठच्या कुठं नेईल," महादू म्हणाले. "बोटी बाजूला घेतो आमी. पन जात नाय."

ती पुढे काही बोलणार एवढ्यात फोन तुटला. परत लावला तर लागेना. आपण फोन केला नसता तर बाबा निदान काहीच माहीत नसताना जाळं ओढत राहिले असते, आता ते मान वर करून विमानाची वाट बघत तिथेच उभे राहणार, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

रेडिओवर सगळं बोलणं इंग्रजीत चालतं, तसा नियम आहे. पण चौकोनाजवळ पोचल्यावर सुजीतने मराठीत विचारलं, "हिमानी, खाली खूप बोटी दिसतायत. हे जात का नाहीत?"

राऊतांनी माइक तिच्या हातात दिला.

"ते तुम्हाला काढायला थांबलेत," ती म्हणाली.

पलीकडून इंजिनाचा आवाज आणि दर्पणचं खोकणं आलं. मग सुजीतने सांगितलं की तो बोटींवरून पुढे जाऊन वळणार, आधी दर्पण बाहेर पडेल, मग विमानाचं नाक समुद्राकडे, पश्चिमेला करून तो स्वतः. दर्पणचा आवाज पुन्हा आला नाही. "दर्पण गेला," एवढं सुजीत म्हणाला. थोड्या वेळाने त्याचाही आवाज थांबला.

समोरच्या पडद्यावर विमानाचा ठिपका मात्र सरकत होता. आत कोणी नसलेलं विमान सरळ पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने चाललं होतं. ठिपका थोडा पुढे गेला आणि उजवीकडे कलला. राऊत पुटपुटले की लोंबतं चाक आता त्याला ओढतंय. ठिपका उत्तरेला झाला. काही क्षण तो उत्तरेलाच जात राहिला, तारापूरच्या रोखाने, आणि राऊत फोनकडे धावले. पण ठिपका वळतच राहिला. उत्तरेवरून पूर्वेला झाला. आता तो किनाऱ्याकडे येत होता. हिमानीने किनाऱ्याची रेघ पाहिली, खाडीचं तोंड पाहिलं. मुरबे.

खालून जिवल्याने वायरलेसवर विचारलं की बंब कुठे न्यायचा. तो गाडी सुरू करून तयार होता. बंब मुरब्याला पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, हे दोघांनाही कळत होतं. तिने आईचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. आई फोन घरी ठेवून किनाऱ्यावर जाते. ठिपका किनाऱ्याच्या रेघेला टेकला. मग पडद्यावर काहीच उरलं नाही.

नंतर बराच वेळ कोणालाच काही कळलं नाही. बाबांचा फोन बंद लागत होता. आईचा वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. राऊत खिडकीपाशी उभे राहून पश्चिमेला धूर दिसतो का पाहत होते. धूर दिसत नव्हता, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे त्यांना समजत नव्हतं. हिमानीला जिवल्याची आई आठवली. बुधीला ती एकदाच भेटली होती. त्या दिवसाबद्दल म्हातारी म्हणाली होती की आवाज आधी आलाच नाही, आधी सावली आली.

शेवटी फोन आला तो महादूंचा.

"एक गावला," ते म्हणाले. "जिता हाय. पाठीत लय दुखतं म्हनतो. दुसऱ्याला शोदतो."

तो दर्पण होता. सुजीत सापडायला आणखी वेळ लागला, कारण बोटी डोलींपासून बाजूला गेल्या होत्या. त्याचं पॅराशूट नेमकं महादूंच्या डोलीवर पडलं होतं. दोऱ्या जाळ्यात गुंतल्या आणि ओहोटीची ओढ त्याला पॅराशूटसकट पाण्याखाली जाळ्याच्या तोंडाकडे खेचत होती. तो हातापायांनी झगडत होता, वर यायचा, पुन्हा खाली जायचा. महादूंनी बोट लावली, पण दोऱ्या सुटेनात. जेवढं ओढावं तेवढा तो आवळला जात होता. मग महादूंनी कोयता घेऊन स्वतःचं जाळं कापलं. अख्खी डोल खुंट्यांपासून तोडून टाकली, तेव्हा तो मोकळा झाला. बोटीत घेतला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो श्वास घेत नव्हता. खलाशांनी त्याला पालथा घालून पाणी काढलं. खोकल्याबरोबर त्याने डोळे उघडले, असं महादूंनी नंतर सांगितलं.

दोघांना पालघरच्या दवाखान्यात नेलं. दर्पणच्या पाठीचा मणका दबला होता, पण पायात जोर होता. सुजीत दोन दिवस ऑक्सिजनवर राहिला आणि मग बोलू लागला.

विमानाचं काय झालं ते हिमानीला संध्याकाळी घरी गेल्यावर आईकडून कळलं.

जमना आणि शेजारची सुलू किनाऱ्यावर बोंबील दोऱ्यांवर टाकत होत्या. आणखी बऱ्याच बायका होत्या. समुद्रावरून विमान येताना त्यांनी पाहिलं. रोज विमानं दिसतात, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पण हे खाली येत होतं, एका अंगावर कललेलं, आणि सरळ त्यांच्याकडे येत होतं. सुलूने वाळूत अंग टाकलं. बाकीच्या पळाल्या, काही आडव्या झाल्या. जमनाला पळता आलं नाही, पाय उचललेच नाहीत. विमान बोंबलाच्या दोऱ्यांवरून गेलं तेव्हा तिला त्याच्या आतलं दिसलं. वरची काच नव्हती आणि माणसं बसतात ती जागा मोकळी होती.

"आत कोनी नवतं," जमना म्हणाली. "कोनी नवतं, तरी ते वळत होतं. कोनी चालवल्यावानी."

वाऱ्याने दोऱ्या तुटल्या, बोंबील वाळूत उडाले. विमान गावाच्या कडेवरून, सुरूच्या झाडांच्या शेंड्यांवरून वळलं आणि परत समुद्राकडे गेलं. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात जाऊन रुतलं. पेटलं नाही. तिथे कोणी नव्हतं. दहा पावलं अलीकडे आलं असतं तर कोळीवाडा होता.

हिमानी आईजवळ बसली होती. जमनाने दिवसभर काही खाल्लं नव्हतं. सुलू येऊन भात ठेवून गेली तो तसाच होता. हिमानीने तिचा हात धरला, तर तो मासळीसारखा गार लागला.

"पोरी, एक सांग," जमना म्हणाली. "तू वर बसतं तवा तुला कळतं का, आत कोन हाय का नाय ते?"

"आवाज येतो तोवर असतं कोनीतरी."

"आनि आवाज बंद झाला तर?"

हिमानीने भाताचं ताट आईपुढे सरकवलं. महादू दारात बसून विडी ओढत होते.

पुढे चौकशी झाली. तेलाची एक नळी जोडताना नीट आवळली गेली नव्हती, तिथून गळती झाली, असं निघालं. कारखान्याने उड्डाणं थांबवली. महादूंना नवं जाळं मिळालं, पण गावाने एक बैठक घेतली आणि मुरब्या-सातपाटीचे तांडेल, म्हणजे बोटी चालवणारे नाखवे, राऊतांकडे गेले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही तिथे असतो, रोज असतो. राऊतांनी त्यांना टॉवरमध्ये नेऊन नकाशा दाखवला. महादूंनी तो चौकोन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की यात पाणी आहे, पण बोटी काढलेल्या नाहीत. चौकोन पुसला गेला. त्या जागी नवीन कुठे आखायचा हे अजून ठरलेलं नाही. उत्तरेला नाही, पूर्वेला नाही, दक्षिणेला नाही. कारखान्याचे लोक बैठकांवर बैठका घेतात आणि उठतात.

जमनाने मुलीला नोकरी सोड असं म्हटलं नाही. हिमानीला वाटत होतं की ती म्हणेल, आणि म्हटलं तर आपण काय करू हे तिला ठरवता आलं नव्हतं. उड्डाणं पुन्हा सुरू झाली त्या दिवशी सकाळी आईने तिला डबा दिला, नेहमीसारखा, आणि दारापर्यंत आली. मग बाकीच्या बायकांबरोबर ती किनाऱ्यावर गेली. पण आता विमानाचा आवाज आला की मुरब्याच्या किनाऱ्यावर बायका हातातलं काम थांबवतात. विमान दिसेनासं होईपर्यंत सगळ्या वर बघत उभ्या राहतात आणि आत माणूस दिसतो का ते पाहायचा प्रयत्न करतात.

हिमानी टॉवरचा जिना चढली. खाली जिवल्याने बंब सुरू करून ठेवला होता. धावपट्टीच्या टोकाला विमान उभं होतं, दुसरा वैमानिक, दुसरा इंजिनियर. राऊत तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिने माइक उचलला, उड्डाणाची परवानगी दिली. विमान वर गेलं, पश्चिमेला वळलं, समुद्रावर बारीक होत गेलं.

तिने वैमानिकाला हाक मारली.

उत्तर यायला नेहमीएवढाच वेळ लागला. तेवढ्या वेळात ती पडद्यावरचा ठिपका वळतो का ते बघत राहिली.